दक्षिणेकडच्या सहा कैच्या

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, आमचे दाजी, मागच्या महिन्यात गेले. तेराव्याच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेला एक लांबचा पाहुणा बुंदी चिवडत म्हणाला, “माणूस लई चांगला. तरणेपणी ते बोल्ट चोरायच्या भानगडीत सापडलते, पर पुढं सुधारले.” त्यानं ते कौतुकानं म्हटलं. पलीकडच्यानं मान डोलावली. वाढपी आला, त्यानं वरण विचारलं आणि मी वाटी पुढं केली.

पुढं केलेल्या त्या वाटीची मला अजून किळस येते.

दाजींनी कधी कुणाचा बोल्ट चोरला नाही. गिरणीच्या छपराचे बोल्ट ते काढत होते हे खरं. का काढत होते ते मला माहीत होतं, आणि ज्या दिवशी ते सांगायला हवं होतं त्या दिवशी मी सांगितलं नाही. पुढं तीस-पस्तीस वर्षं मी एका शाळेत ग्रंथपाल होतो. कमी बोलणारा, वाचणारा माणूस म्हणून मला मान होता. त्या गप्प बसण्याचं मूळ कुणी विचारलं नाही. ते छप्पर अजून उभं आहे आणि त्याच्याखाली माणसं जमतात, म्हणून हे लिहितो आहे. हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

मी बी.ए. झालो त्या वर्षी आमच्या भागात लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस झाला नव्हता. कपिलधारचा धबधबासुद्धा खडकाला नुसती ओल धरून होता म्हणे. धारूरच्या डोंगराखालचं आमचं गाव टँकरवर होतं. टँकरबरोबर तळ्याचा तळही यायचा: गाळ, शेवाळ, कधी बेडकाची पिल्लं. आई ते पाणी चौपदरी फडक्यातून गाळायची. फडक्यावर जे उरायचं ते पाहिलं की मला दिवसभर जेवण जात नसे.

त्याच वर्षी आमच्याकडं सहकारी सूतगिरणी उभी राहत होती. शेतातला कापूस उभ्या उभ्या जळाला होता, पण गिरणीच्या पायाचे खड्डे भरले जात होते. आजूबाजूच्या गावांतल्या बहुतेक घरांनी शेअर घेतले होते, आमच्या घरानंही. चेअरमन प्रत्येक सभेत म्हणत, “दुष्काळ आज आहे, उद्या नाही. गिरणी कायमची आहे.” लोक टाळ्या वाजवत. मीही वाजवल्या आहेत.

गिरणीवर मला हजेरी कारकुनाचं काम मिळालं. मजुरांची हजेरी लिहायची आणि छपराच्या कामाचं एक रजिस्टर ठेवायचं. दाजी माझ्यानंतर महिन्याभरानं आले. ते लोखंडी बांधकामाचे फिटर होते. सोलापूरकडं कितीतरी वर्षं पूल आणि शेड उभारून ते दुष्काळात घराजवळ राहायचं म्हणून परतले होते. शिक्षण तिसरीपर्यंत. मला ते सगळ्यांसमोर “बीए” म्हणत, आणि मग साइटवरचे सगळेच म्हणायला लागले.

गिरणीचं छप्पर अठरा कैच्यांवर बसणार होतं. कैची म्हणजे लोखंडी अँगलांचा मोठा त्रिकोणी सांगाडा, या खांबापासून त्या खांबापर्यंत. जिथं दोन-तीन अँगल येऊन मिळतात तिथं मध्ये जाड पत्र्याचा तुकडा असतो, त्याला गसेट म्हणतात. गसेटला भोकं, अँगलला भोकं. दोन्ही नेमकी एकमेकांवर आली की बोल्ट आरपार जातो. एवढ्या मोठ्या छपराचा सगळा भार शेवटी त्या अंगठ्याएवढ्या भोकांवर येतो.

पहिल्या गसेटला पहिलं भोक चेअरमनांच्या हस्ते पाडलं गेलं. दाजी तेव्हा आलेले नव्हते, मी होतो. मंडप घातला होता, बँड होता. पत्र्याला हळद-कुंकू लावलं आणि नारळ त्याच पत्र्यावर फोडला. पत्रा ओला झाला. भोकाची जागा खुणेनं पक्की करायला टोकदार पंच धरून वर हातोडा मारायचा असतो. चेअरमनांनी पंच धरला, हातोडा मारला, आणि पंच ओल्या हळदीवरून सरकला. खूण रेघेच्या बाजूला पडली. साइटवरच्या इंजिनिअरनं ते पाहिलं. त्यानं पाहिलं हे मी पाहिलं. मग त्यानं बँडवाल्यांकडं पाहून हात वर केला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ड्रिल त्याच खुणेवर लावलं. त्या ओळीतली बाकीची भोकं त्या पहिल्या भोकावरून मापली. सगळी ओळ ज्वारीच्या दाण्याएवढी सरकली.

तो एक पत्रा बाजूला टाकला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण मुहूर्ताला ज्याची पूजा झाली ती वस्तू कामात सगळ्यांत आधी घ्यायची, ही आमच्याकडची रीत. मुहूर्ताची प्लेट म्हणून तीच फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, झाली. तिच्यावर ठेवून बाकीचे सगळे गसेट पाडले, शेकड्यांनी. अँगल मात्र नकाशाप्रमाणं बरोबर पाडलेले होते.

दाजी आले त्या आठवड्यात पहिली कैची जमिनीवर जुळवायला घेतली. निम्म्या भोकांत बोल्ट जाईना. दाजींनी एक गसेट उचलून उजेडाकडं धरला, मग अँगलवर ठेवला.

“फर्मा कुनी काढला?”

“साहेबांच्या हातचा हाय,” ड्रिलवाला म्हणाला.

“साहेबांच्या हाताला काय न्हाई म्हनत मी. भोक कुठं चाललंय ते बग. बोल्टाला साहेब वळखू येत न्हाईत.”

मजूर हसले. इंजिनिअर हसला नाही.

नवीन गसेट पाडायला नवीन पत्रा लागला असता, आणि तो मागवायचा तर कारण लिहावं लागलं असतं. कारण कोण लिहिणार? तेव्हा दाजींनीच वाट काढली. त्यांच्याकडं स्वतःचे रीमर होते, तेलकट फडक्यात गुंडाळून सोलापूरहून आणलेले. रीमर म्हणजे टोकाकडं निमुळती होत गेलेली पोलादाची दांडी, अंगावर उभ्या धारा असलेली. न जुळलेल्या दोन भोकांत ती घालून सावकाश फिरवायची. ती दोन्ही पत्रे एकदम कापत जाते आणि दोन वाकडी भोकं मिळून एक सरळ, गोल, थोडं मोठं भोक तयार होतं. मग त्यात वरच्या मापाचा बोल्ट घट्ट बसतो. वीज असली तर ड्रिलवर, नसली तर दोघांनी मिळून लांब दांड्यानं हातानं.

“उलटा फिरवायचा न्हाई कदीच,” दाजी जोडीदाराला सांगत. “अडकला तर थांब. तेल सोड. पर उलटा न्हाई. धार मरती.”

एकदा त्यांनी मला बोलावलं. “बीए, हिकडं या. करंगळी घाला ह्यात.” मी नुकत्याच झालेल्या भोकात करंगळी घातली. आतून काचेच्या ग्लासासारखं गुळगुळीत होतं, आणि अजून कोमट. “आता ह्यात.” शेजारी कुणीतरी गॅसनं जाळून मोठं केलेलं एक भोक होतं. बोट ओरखडलं. आत वितळून थिजलेल्या लोखंडाचे खडे होते, फोड धरल्यासारखे. मी झटकन हात काढला. दाजी म्हणाले, “तुमचं बोट निगालं बाहीर. बोल्टाला तितंच ऱ्हायचं असतंय.”

अशा रीतीनं चार कैच्या नीट झाल्या. प्रत्येक जोडाचं भोक दाजींनी स्वतः तपासलं आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं. एका कैचीला चार-पाच दिवस लागत. तेवढ्यात उद्घाटनाला मंत्री येण्याचा दिवस ठरला, आणि तो जवळचा ठरला. यंत्रं यायची होती, कापूस नव्हता, पण छप्पर हवं होतं, कारण मंडपापेक्षा छपराखाली सभा चांगली दिसते.

ठेकेदार दाजींच्या वयाचाच, अंगानं आडवा, पान खाणारा. तो येऊन परांचीखाली उभा राहिला.

“गॅसनं दोन मिंटात भोक मोठं होतंय. तू काय देवपूजा मांडून बसलाय बे?”

“गॅसनं भोक मोठं व्हतंय, गोल व्हत न्हाई,” दाजी वरून म्हणाले. “जळल्याली कड चिरती. बोल्ट आत हलतो. वारं सुटलं की रोज जरा जरा.”

“वर मोठा वायसर टाकू. दिसतंय कुनाला?”

“दिसायसाठी घालतेत का बोल्ट?”

ठेकेदार पचकन थुंकला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दाजींना चारा छावणीवर पाठवलं. ती छावणी चेअरमनांच्याच संस्थेची होती, तिथं पाण्याच्या टाकीखालचा लोखंडी सांगाडा उभारायचा होता. दहा दिवसांचं काम. ते गेले त्या दुपारी साइटवर गॅसची नळकांडी उतरली.

चौदा कैच्या नऊ दिवसांत वर गेल्या. जळत्या लोखंडाचा वास कपड्यांत, केसांत, डब्यातल्या भाकरीत शिरला होता. भोकं कुठं लांबट, कुठं बदामासारखी. ती झाकायला बोल्टाखाली बशीएवढे वायसर, लोखंडी चकत्या, आणि त्यावर लगेच रंग. रंग वाळायच्या आधी वरून पत्रे.

मग इंजिनिअरनं मला त्याच्या खोलीत बोलावलं. चहा मागवला. रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं.

“चौदा कैच्यांच्या नोंदी राहिल्यात. रीमर मारून तपासलं, असं लिहायचं. फक्त एका दिवसात लिहिल्यासारखं दिसायला नको. तुम्ही वाचणारे माणूस, तुम्हाला जास्त सांगायला नको.”

मी चहा संपवला आणि रजिस्टर उचललं. पुढं जे केलं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तीन पेनं घेतली. काही पानं उभ्या अक्षरात लिहिली, काही तिरक्या, घाईत लिहिल्यासारखी. शेरे स्वतःच्या मनानं घातले. ‘वीज नसल्याने रीमर हाताने फिरवला.’ ‘वाऱ्यामुळे दुपारनंतर काम थांबवले.’ ‘तेल कमी पडले, दुसऱ्या दिवशी पूर्ण केले.’ एका पानाच्या कोपऱ्यात मी ड्रिलच्या तेलात बुडवून बोट उमटवलं. ते पान मी दोन वेळा लांब धरून पाहिलं, आणि मला ते आवडलं. एवढी वर्षं झाली, मी पुष्कळ वाचलं, थोडंफार लिहिलंही. पण आपलं लिहिलेलं पाहून तसं समाधान मला पुन्हा कधी झालं नाही.

उद्घाटनाच्या आधी चार दिवस गिरणीसमोर हिरवळ लावली. तिच्यावर रोज दोन टँकर पाणी. तारेच्या कुंपणापलीकडं आमच्याच गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि बघायच्या. एकीनं टँकरवाल्याला हाक मारली, “भाऊ, आमाला बी पेर की तितं, पानी तर मिळंल.” तो हसला आणि त्यानं पाइप दुसऱ्या बाजूला वळवला. उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांनी पडदा सरकवला, पडद्यामागं कोनशिला होती, बाकी काही नव्हतं. बुंदी होती, मठ्ठा होता. मठ्ठ्याचे अर्धे ग्लास लोकांनी त्या हिरवळीवर ओतले आणि दुसऱ्या दिवशी तिथं माश्यांचा थर बसला होता.

त्या दुसऱ्या दिवशीच दाजी परत आले. आल्या आल्या ते वर चढले. बराच वेळ एका कैचीवरून दुसऱ्या कैचीकडं सरकताना दिसत राहिले. खाली उतरले तेव्हा हातात एक मोठा वायसर होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

“रजिस्टर दावा.”

त्यांनी आधी हात पुसले. मग बोट ठेवून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागले. मी उभा होतो.

“‘वीज नसल्याने रीमर... हाताने फिरवला.’ कुनाच्या हातानं, बीए?”

त्यांचं बोट पुढच्या शेऱ्यावर सरकलं.

“‘तेल कमी पडले.’ ह्ये कावून लिवलं?”

“खरं वाटावं म्हणून,” मी म्हणालो.

“व्हय. वाटतंय. लई झ्याक वाटतंय. मला सुदिक वाटलं असतं.” त्यांनी पान उलटलं आणि कोपऱ्यातल्या तेलाच्या डागाकडं बघत राहिले. त्यावर स्वतःचा अंगठा धरून पाहिला. “ह्ये बोट माजं न्हाई,” म्हणाले, आणि रजिस्टर मिटून माझ्याकडं सरकवलं.

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ठेकेदाराची माणसं गेली होती. यंत्रांचा पत्ता नव्हता. गिरणीवर एक वॉचमन तेवढा, तो दाजींच्या ओळखीचा. दाजी रोज सकाळी डबा घेऊन जायचे आणि दुपारपर्यंत वर असायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी काही देणार नव्हतं. एक जोड उकलायचा, जळक्या भोकात रीमर घालायचा, जळलेली कड जाईपर्यंत हातानं फिरवायचा, मग त्याच्या वरच्या मापाचा बोल्ट. हे बोल्ट त्यांनी सोलापूरच्या जुन्या मुकादमाकडून मागून आणले होते. उत्तरेच्या टोकाकडून सुरुवात केली होती.

पाचव्या दिवशी मी गेलो. ते वरूनच म्हणाले, “वर यिऊ नका, चक्कर यील.” मी चढलो. बसायची फळी हलत होती. मी तेलाची बुधली धरायची, दांड्याचं दुसरं टोक ओढायचं. माफी मागायचं मनात होतं, पण दांडा ओढताना बोलता येत नाही, आणि थांबलो की तेच काहीतरी दुसरं बोलायचे. आधी भोकातून काळा-निळा कीस पडायचा, मग हळूहळू पांढरा, चकचकीत. पांढरा पडायला लागला की ते जीभ टाळूला लावून आवाज करायचे, आणि मग आणखी चार फेरे देऊन थांबायचे.

“सगळं व्हतंय का ह्यातनं, दाजी?” मी एकदा विचारलं.

“सगळं कुठं व्हतंय. जेवडं गोल व्हतंय तेवडं करायचं.”

बाराव्या कैचीपर्यंत आम्ही आलो. चार आधीच्या, आठ या. दक्षिणेकडच्या सहा राहिल्या. मग एका सकाळी जीप आली. गिरणीचा मॅनेजर आणि एक हवालदार. काढलेले जुने बोल्ट दाजींनी खाली पोत्यात भरून ठेवले होते, गिरणीला परत द्यायला. ते पोतं हवालदारानं पायानं सरकवून पाहिलं.

“हे काय चाललंय?”

“भोकं जळकी हायत. सुधारतोय,” दाजी म्हणाले.

मॅनेजरनं जीपमधून रजिस्टर काढलं. म्हणजे ते घेऊनच आला होता. “सगळ्या कैच्यांना रीमर मारून तपासल्याची नोंद आहे. तारीखवार. मग तू काय सुधारतोयस? का बोल्ट विकतोयस?” त्यानं पान माझ्यापुढं धरलं. “सही तुमचीच ना?”

“हो.”

“आणि हे खरं आहे ना?”

दाजी माझ्याकडं बघत नव्हते. ते रीमरांवरचं तेल फडक्यानं पुसत होते, एकेक करून. मला वाटतं, मला सोपं जावं म्हणून ते बघत नव्हते.

मी म्हणालो, “नोंद आहे तशी आहे.”

हे वाक्य मी पुढं आयुष्यभर शेकडो कागदांवर पाहिलं. कुणी लिहिलं की मी ते दुसऱ्यांदा वाचत नाही.

दाजींना दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. पोतं आणि रीमर मुद्देमाल म्हणून जमा झाले. पुढं गुन्हा काही उभा राहिला नाही, पण रीमर परत मिळाले नाहीत आणि गावात नाव झालं ते झालं. जूनमध्ये चेअरमनांच्या शिक्षण संस्थेच्या शाळेत मला ग्रंथपालाची जागा मिळाली. इंजिनिअरच निरोप घेऊन आला. “साहेबांच्या लक्षात आहात तुम्ही,” म्हणाला. पहिल्या दिवशी मी कपाटांवरची धूळ झटकली, पुस्तकांना नंबर घातले. सगळ्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

दाजींनी लोखंडाच्या कामाला पुन्हा हात लावला नाही. गावात पिठाची चक्की चालवली. माझ्याकडं येत, जेवत, पायावर पाय टाकून विचारत, “काय बीए, काय वाचताय सध्या?” मी सांगायचो. ते ऐकायचे. आक्काला त्यांनी रजिस्टरबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. ती मला दर दिवाळीला ओवाळत राहिली, आणि ओवाळून घेताना दर वेळी मी तिच्या तोंडाकडं न बघता तबकाकडं बघत राहिलो.

गिरणीतून सूत कधी निघालं नाही. संस्था बुडाली, सरकारचा अवसायक बसला, म्हणजे बुडालेल्या संस्थेचं उरलंसुरलं आवरणारा अधिकारी. शेड भाड्यानं गेलं आणि त्याचं मंगल कार्यालय झालं. व्यासपीठ दक्षिणेकडं बांधलं, कारण दार उत्तरेला. त्या सहा कैच्यांना आधी पंखे टांगले, मग दिव्यांच्या लोखंडी चौकटी, आणि आता अवजड कूलर. मी तिथं किती लग्नांना गेलो असेन! दर वेळी उत्तरेकडं बसलो, बाराव्या कैचीच्या अलीकडं. नवरा-नवरीवर अक्षता लांबूनच टाकल्या. भाचीचं लग्न तिथं झालं तेव्हा दाजी मुलीच्या मागं व्यासपीठावर उभे होते, मान वर करून एकदाही न बघता. आणि मी माझ्या खुर्चीवर.

तेराव्याचं जेवण झालं त्याच आठवड्यात मी बीडला अवसायकाच्या कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी तरुण आणि नम्र होता. मी काय सांगतो ते त्यानं ऐकून घेतलं, मग आतून जुनं रजिस्टर मागवलं आणि चाळलं.

“सर, एवढं व्यवस्थित रेकॉर्ड आमच्याकडं दुसऱ्या कुठल्या संस्थेचं नाही.”

“ते खोटं आहे. मीच लिहिलंय.”

“मग लेखी द्या. चौकशी लागेल. पण तुमच्यावरच येईल, बघा.”

मी तिथंच बसून लिहिलं. सहा कैच्यांचे जोड एकेक करून लिहिले. त्यानं आवक शिक्का मारला. मंगल कार्यालय बंद कधी करणार, असं मी विचारलं, तर म्हणाला, “लग्नसराई आहे, सर. मे अखेरपर्यंत तारखा गेल्यात. अहवाल आल्याशिवाय कुणाच्या लग्नाला नाही कसं म्हणायचं हो?”

मंगल कार्यालयाच्या फाटकाजवळ फळ्यावर तारखा लिहिलेल्या असतात. तारीख, वधूपक्ष, गाव. तो फळा मी वहीत उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं पहिल्या गावाला गेलो. घाटापलीकडचं छोटं गाव, यंदाही टँकरवरचं. मुलीचा बाप ओसरीत पत्रिकांवर नावं घालत बसला होता. त्यानं मला खुर्ची दिली. मी म्हणालो, तिथं लग्न करू नका, छप्पर धोक्याचं आहे.

तो माझ्याकडं नीट बघत राहिला. मग घरात बघून हसला. “आगं, ऐकलं का? दुसऱ्या कार्यालयवाल्यानं मानूस धाडलाय.” आणि मला म्हणाला, “मास्तर दिसताय. ह्या वयात असली कामं कावून करताय वो?”

“मला कुणी पाठवलं नाही,” मी म्हणालो. “त्या छपराचं काम झालं तेव्हा मी तिथं लिहायला होतो. सगळं रीमर मारून केलंय असं मी लिहिलं. ते खोटं होतं.”

“काय मारून?”

आतून बाई पदर सावरत दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागं मुलगी. पत्रिकेवरचा पेन त्यानं खाली ठेवलेला नव्हता. मी त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला, त्यावर दोन न जुळणारी भोकं काढली आणि रीमर म्हणजे काय, इथपासून सांगायला सुरुवात केली.